वसंताच्या गंधमुक्तीला

भुसावळ, ३ डिसेंबर १९९४

आज वसंताची गंधमुक्ती झाली. घरच्यांना गंध लावून सुतकातून मोकळं करायचं. त्याचा भाऊ, पुतणे, सगळे ओळीने बसले होते. मी पाणी वाढत होतो. इतकी वर्षं एका घरात काढली, दुखण्यात त्याला भरवलं, धुतलं ते मीच. पण मला सुतकच नाही म्हणे. मग मोकळं कशातून करणार?

तेवढ्यात त्याची म्हातारी आत्या गंधाची वाटी घेऊन उठली. "याले कोन लावीन? माह्या वसंताचा संसार यानंच केला," म्हणाली आणि माझ्या कपाळावर बोट टेकवलं.

पंगती उठल्यावर भावाने घराची किल्ली मागितली. शांतपणेच. घर वसंताच्या नावावर, वारस भाऊ. बायको असती तर मागितली असती? आत्याला दिसलं ते कायद्याला का दिसू नये? आम्हा दोघांना नोंदणी कचेरीत उभं राहू दिलं असतं, तर कोणाचं काय बिघडलं असतं?

उद्या किल्ली देईन. अजून तोंड धुतलेलं नाही. कपाळावरचं गंध, एवढाच माझा पुरावा. आणि तो पाण्याने जाईल.