कोरडा हात

१२ मे
पोचले. बुद्येयोवित्से शहराहून बस वेळेवर होती. खोली मत्स्यबीज केंद्राच्या वरच. खिडकीखाली चेस्टनट फुललाय, पलीकडे तळी. इथल्या जुन्या कामगार ब्लाझेनामावशींनी खसखशीचे बनपाव आणून ठेवले होते.

काम स्पष्ट आहे: नर कार्प माशांचं वीर्य तपासायचं. शुक्राणू आपल्या खारट द्रवात निपचित असतात. गोडं पाणी लागलं की जागे होतात, जेमतेम मिनिटभर धावतात आणि मरतात. म्हणून माशाचं पोट पुसायचं, भांडं कोरडं, हात कोरडे. मावशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांचंही तसंच. घसा कोरडा तोवर गरीब गाय. दोन घोट गेले की मिनिटभर मर्दुमकी, मग घोरणं!" मी हसले. सहसा हसत नाही. रडत तर नाहीच.

१५ मे
नरांचं वीर्य पातळ, लघवी मिसळलेलं. लघवीच्या पाण्याने शुक्राणू आधीच जागे होऊन जागच्या जागी वळवळतात. केंद्राचे प्रमुख हिनेकसाहेब म्हणाले, ही वीण फसली तर केंद्राला कुलूप.

मागच्या हौदात एक म्हातारा नर आहे. त्याचं वीर्य सायीसारखं दाट. मावशी दर वसंतात ते काढतात आणि सरळ पाण्यात सोडून मरू देतात. का, विचारलं. सासूने तसंच शिकवलंय म्हणाल्या; त्याला कधी कोरडा पुसू नका, इंजिनियरबाई. (इथे पदवीवाल्या सगळ्यांना असंच म्हणतात.)

उत्तम नमुना वाया घालवायचा, याला काय म्हणावं! त्या जेवायला गेल्यावर मी त्याला लवंगतेलाच्या पाण्यात गुंगी दिली, पोट पुसलं, वीर्य कोरड्या नळीत घेतलं. त्याच्या पाठीवरच्या पराचा काटा तळहातात घुसला. जखमेवर वीर्य सांडलं. कागदाने टिपलं. धुतलं नाही, काम संपेपर्यंत हात ओला करायचा नव्हता.

१८ मे
बाकीचे नमुने फ्रिजमध्ये मेले. म्हाताऱ्याचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू निपचित, पण सगळ्यांची डोकी माझ्या बाजूला. काच फिरवली. पुन्हा पाहिलं.

डोकी माझ्याच बाजूला.

२० मे
जखम बुजली, कड पांढरी. सुईने टोकरून काचेवर घेतलं. तेच. दाटीवाटीने. पाण्याचा थेंब सोडला — उसळले.

मावशींना हात दाखवला. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला. पुसलंस त्याला? मग धुतलं का नाहीस गं? तेव्हाच बाहेरच्या बाहेर मेले असते. आता पाण्याला शिवू नकोस, म्हणाल्या.

२१ मे
पांढरी रेघ कोपरापर्यंत. अंघोळ नाही. पाणी पीत नाही. पाव घशात अडकतो. कोरडं राहायचं. मी कोरडी आहे तोवर ते झोपलेत.

२२ मे
रेघ काखेतून खाली. पोटाशी. जागं झाल्यावर त्यांना एकच गोष्ट गाठायची असते — अंडं. आणि माझ्या पोटात —

हिनेकसाहेब दारातून म्हणाले, डॉक्टर बोलावतो, ग्लुकोजचं पाणी चढवतील. मी नको म्हणून ओरडले.

२३ मे
जीभ टाळूला चिकटलीय. मावशी दाराबाहेर. म्हणतात, रडून घे पोरी, मोकळी होशील. मी रडत नाही. कधीच —

डोळे भरलेत. थेंब पडला. रेघेवर. कातडीखाली काहीतरी —

नाही. अश्रू खारट असतात. खारट पाण्याने ते जागे होत नाहीत, हे मी स्वतः तपास