उकिरड्याशेजारचे घर आणि गोदेचा खल

मुक्काम ठाणे, कार्तिक वद्य चतुर्थी, शके १८०८

राजमान्य राजेश्री गोविंदराव यांस पंढरीनाथाचा मनापासून नमस्कार. इकडील मंडळी, म्हणजे मी आणि गंगुबाई आत्या, सुखरूप आहोत. कल्याणास वहिनींचा खोकला, आपले गुडघे आणि आपल्या भगिनीचा राग यांचे कसे काय आहे ते कळवावे. (पहिल्या दोहोंवर इथला वैद्य चाटण देतो. तिसऱ्याचे नाव काढताच त्याने दुकान बंद केले.)

आपले पत्र पावले. ‘घर विकून मोकळे व्हावे’ हा आपला सल्ला मी तीनदा वाचला व तिन्ही वेळा मान हलवली, पण आडवी. घर विकणार नाही. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस वास्तुशांत ठरली आहे, ती होईल. यजमानाच्या शेजारच्या पाटावर पत्नी लागते आणि ती, म्हणजे आपली बहीण गोदा, गेला दीड महिना तुमच्या ओटीवर बसून आहे, हे खरे. तरी मी बोलावणे धाडणार नाही. आगगाडी दोन्ही बाजूंनी चालते.

गोदेने आपणास काय सांगितले असेल याची मला कल्पना आहे, म्हणून माझी बाजू लिहितो. घर नौपाड्याच्या शिवेवर आहे. कौले नवी, विहीर गोड्या पाण्याची, पडवी ऐसपैस. परसाची जागा मात्र पूर्वी खोल खाण होती आणि तीत गावाचा केरकचरा पडत असे. सहा वर्षांपूर्वी खाण भरली, खटारे दुसरीकडे जाऊ लागले आणि वरून माती पसरली. म्हणजे जुना उकिरडा आहे, चालू नव्हे. (हा फरक मी गोदेस फाटकात उभा राहून समजावला. ती नाकाला पदर लावून म्हणाली, “जुना म्हणजे मुरलेला ना?”)

मी आंधळेपणाने घर घेतले असे आपण लिहिता. तसे मुळीच नाही. भटजींना नेऊन शास्त्राप्रमाणे भूमीची परीक्षा केली. आपल्याला ठाऊक आहेच, हातभर खड्डा खणून तीच माती परत भरायची. कमी पडली तर जागा वाईट, पुरली तर मध्यम, उरली तर उत्तम. आमची इतकी उरली की आणखी एक खड्डा भरला असता. भटजींचे डोळे पाणावले. म्हणाले, तीस वर्षांत अशी भरभराटीची भूमी पाहिली नाही. मी त्याच दिवशी घर घेण्याचा शब्द दिला. घर विकणारा भिवा (याच्या आज्यापणज्यांनी खाडीकाठी मिठागरे राखली) कुंपणाला टेकून सगळे पाहत होता. शब्द पक्का झाल्यावर म्हणाला, “रावसाब, कचरा उकरला का फुगतो, हे आमच्या पोराबालांना पन ठावं हाय.” आधी का बोलला नाहीस, असे विचारले तर म्हणतो, “भटजी रडत व्हते. मदी कसं बोलू?”

दुसऱ्या दिवशी त्याच भरभराटीत माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला. गोदा नेमकी त्याच सकाळी घर पाहायला आली होती. “इथं मी तुळस लावायची?” असे विचारून ती बिऱ्हाडी परतली, तिथून आईने दिलेला पितळी खल उचलला आणि स्टेशनावर गेली. घर तुमचे, खल माझा, असा हिशेब. बिनबत्त्याचा खल घेऊन ती काय करणार, हे मी विचारले नाही. तो बत्ता आठ वर्षांपूर्वी हरवला. तो आत्याने कुणाला तरी देऊन टाकला असे गोदा म्हणते, आत्या देवाशपथ नाही म्हणते, आणि तेव्हापासून एका चुलीवर दोन अबोले शिजत आहेत.

मग भटजींनी दुसरा ग्रंथ काढला. वास्तुशांतीपूर्वी भूमीतली हाडे, केस, कोळसा, खापऱ्या हे सारे काढले पाहिजे म्हणाले. गोविंदराव, ही यादी म्हणजे आमच्या परसाचे वर्णनच! दुसरा कुणी असता तर हाय खाता. मी धोतर खोचले. गेला महिनाभर कचेरीतून आलो की दिवेलागणीपर्यंत खणतो. आजवर अकरा टोपल्या खापऱ्या, दोन खूर, एक पगडीचा सांगाडा आणि कुणा सभ्य गृहस्थाचे अर्धे दात निघाले. एका कोपऱ्यात भिवाने लावलेला दुधीचा वेल आत्याने मांडवावर चढवला. एकेक दुधी मांडीएवढा झाला आहे. कचेरीत वाटले. तिथली मंडळी वास्तुशांतीला जेवायला यायचे नाव काढीत नाहीत, पण हेडकारकुनांनी दुधी दुसऱ्यांदा मागून नेला. वासाचे म्हणाल तर सकाळी मुळीच नाही. दुपारी वारा फिरला तर थोडा येतो, तेव्हा आम्ही पुढल्या पडवीत बसतो. पडवी ऐसपैस आहे हे वर लिहिलेच.

सारांश, माझा निश्चय ढळलेला नाही. वडिलांस दंडवत, मुलांस आशीर्वाद.

आपला,
पंढरीनाथ

ता. क. एक सांगायचे राहिले. काल छातीएवढ्या खोलीवर कुदळ खणकन वाजली आणि बत्ता निघाला. गोदेचाच, टोकाला टवका उडालेला. चिंचेने घासून देवघरात ठेवला आहे. तिला सांगावे.

ता. क. दुसरा. बत्ता हातात घेताच मला आठवले. आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत पगडीसाठी खुंटी ठोकायला तो मीच घेतला होता आणि पडलेल्या पोपड्यांच्या टोपलीत ठेवला होता. टोपली खटाऱ्यात गेली. आत्यापुढे नाक घासले. ती म्हणाली, “आठ वर्षं मी दगडानं लसूण ठेचला रे, मेल्या. आता तिला सांग, ती कल्याणात आहे म्हणून इथली चटणी अडली आहे.” हेही गोदेस सांगावे, शक्यतो मी समोर नसताना.

ता. क. शेवटचा. बोलावणे धाडणार नाही असे वर लिहिले आहे, ते खोडावे. पंचमीच्या आधी दोन दिवस तरी तिला घेऊन यावे. तुळशीपुरती जागा मी कमरेइतकी खणून खाडीकाठच्या मातीने भरली आहे, आणि या वेळी माती उरली नाही. चार टोपल्या कमीच पडली, ती भिवाने घातली. भटजींना सांगितलेले नाही. खल जड आहे, तिला उचलू देऊ नये. गुडघे दुखले तरी आपणच आणावा.