तापाच्या गोळ्यांची वही

१२ एप्रिल, सोमवार
दुकान उघडायला गेले तर पायरीवर तंबाखूची पिचकारी. ताजी. फिनेल ओतून घासली, हातमोजे फेकले, तरी दिवसभर नाकात तोच वास.

आशाताई मंदा आली. आजपासून तापाच्या, खोकल्याच्या गोळ्या जो नेईल त्याचं नाव, घर, मोबाईल वहीत लिहायचं. संध्याकाळी ती पानाचा फोटो काढून आरोग्य केंद्रात देणार, दुसऱ्या दिवशी त्या घरी तपासणी. गावात मेडिकल आमचं एकच. "वैनी, मला लोक दार उघडत न्हाईत. गोळीला मात्र तुमच्याकडंच येत्यात."

अण्णांना ही वही पसंत नाही. दुकान त्यांनी काढलं, मी सून म्हणून आले आणि डी. फार्म. असल्यामुळे काउंटरवर बसले. "गिऱ्हाइकाचं दुखणं दुकानाच्या भायेर जाऊ नये," म्हणाले. मी म्हटलं, हे दुखणं आपणहून बाहेर जातं, तोंडावाटे. त्यांनी पेपर वर धरला.

१५ एप्रिल, गुरुवार
वहीत आज सतरा नावं. निम्मी खोटी. एका माणसाने सकाळी एक नाव सांगितलं, दुपारी दुसरं. मोबाईल नंबर नऊ आकडी.

"पाय दुखत्यात, पॅरासिटामॉल द्या." पाय दुखणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी, कपाळ तापलेलं. मास्क हनुवटीवर. शिंक आली तेव्हा तो मास्क अजून खाली ओढला, म्हणजे मास्क खराब होऊ नये. काउंटरच्या काचेवर बारीक थेंब. मी काच पुसत होते तोवर म्हणतो, "वैनी, लवकर करा की."

दुसरा थुंकी लावून पिशवी उघडतो, त्याच हाताने गोळी तोंडात.

लोक काढा पितात, कापूर हुंगतात, लिंबू नाकात पिळतात. नाकावर चार बोटं कापड ओढायचं तेवढं होत नाही.

१९ एप्रिल, सोमवार
मंदा सगळी वरची आळी फिरली. ताप मोजायची बंदूक कपाळाला लावली की सगळे नॉर्मल. "गावात ताप हाय का न्हाई, वैनी? मलाच कळंना."

मला कळतं. ती कुठल्या गल्लीत आलीय हे कळलं की लोक तासभर आधी गोळी घेतात. ताप उतरतो, आजार जागेवर. मग माणूस मोकळा, बाजारात, पारावर, श्वासातून वाटत फिरतो. गोळी माझ्याच दुकानातली. मंदाला हे सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली.

साताऱ्याहून ह्यांचा फोन. एमआयडीसीत काम चालू, खोलीत चौघं, एकाला खोकला. म्हटलं, खिडकी उघडी ठेवा, पंखा बाहेरच्या बाजूला लावा, जेवायला एकत्र बसू नका. "बरं," म्हणाले. ते 'बरं' मला चांगलं माहीत आहे.

२२ एप्रिल, गुरुवार
दुपारी बापू आले. अण्णांचे पहिलीपासूनचे मित्र, समोरच्या बोळात घर. रविवारी पूनमचं, त्यांच्या मुलीचं लग्न. नवरामुलगा उंब्रजचा.

बापूंच्या बायकोला, शांताकाकींना, दोन दिवस ताप. अंग दुखतंय. "फोडणीचा वास येत न्हाई म्हणती."

मी म्हटलं, बापू, आजच तपासणी करा. वास जाणं म्हणजे...

"तपासलं तर लगीन मोडतंय. दोनदा पुढं ढकाललंय. तेवढं वहीत नगं."

अण्णा मागून: "लिवू नगंस, सुजाता. मी शब्द दिलाय."

कधी दिला, कुणाला विचारून दिला. मी म्हटलं, निदान काकींना वेगळ्या खोलीत ठेवा, लग्नात बसवू नका. "आई न्हाई म्हटल्यावर लोक काय म्हनतील?" बापूंनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांची मला शिसारी आली, आणि मी पेन खाली ठेवलं. गोळ्यांचं पाकीट दिलं. संध्याकाळी मंदाने फोटो काढला, त्या पानावर बाकी सगळे होते.

२५ एप्रिल, रविवार
परवानगी पंचवीस माणसांची. गच्चीवरून बापूंचं मागचं दार दिसतं. मोजणं सोडून दिलं. वरच्या हॉलच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पोलिसांना आवाज जाऊ नये म्हणून. बंद खोली, गर्दी, सगळे मोठ्याने मंगलाष्टकं म्हणतायत. अजून काय पाहिजे त्या रोगाला.

अण्णा गेले. "एक डोस झालाय, मला काय व्हतंय?" दारात आडवी उभी राहिले. बाजूने निघून गेले.

चार वाजता मोबाईलवर फोटो. शांताकाकी मध्ये बसलेल्या, पैठणी, मास्क नाही, गाल लालबुंद. खाली कुणीतरी लिहिलंय, काकींच्या चेहऱ्यावर काय तेज. पुढच्या फोटोत त्या पूनमच्या सासूला स्वतःच्या हाताने जिलेबी भरवतायत.

मला ओकारी आली. खरोखर. मोरीत जाऊन.

२८ एप्रिल, बुधवार
तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. आज मंदाला तोंडी सांगितलं, काकींचं, ताप कधीपासून ते. तिने मास्कवरून माझ्याकडे बघितलं. "वैनी, हे बेस्तरवारीच सांगायचं हुतं."

बास, एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल, गुरुवार
मंदा दोन माणसं घेऊन बापूंकडे गेली. काकी, बापू, दोघं पॉझिटिव्ह. बापू म्हणत होते, "बोलतीय, चा पितीय, काय झालंय तिला?" मंदाने काकींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ब्याऐंशी. यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतःच्या बोटाला लावून बघितलं. नव्याण्णव.

धाप लागायच्या आधीच ऑक्सिजन उतरतो या आजारात, माणसाला पत्ता नसतो. म्हणून रोज मोजायचा. मी बापूंना ऑक्सिमीटर देऊ शकले असते, दुकानात दोन पडून होते. पण मग विचारलं गेलं असतं, कुणासाठी.

काकींना सांगलीला नेलं. अँब्युलन्समध्ये स्वतःच्या पायांनी चढल्या.

३० एप्रिल, शुक्रवार
शटरच्या कुलपाला वापरलेल्या मास्कांची माळ. कुणाचे काळे, कुणाचे निळे, ओलसर, एकावर कफ. लग्नघरात आरोग्यवाले मी घातले म्हणून. चिमट्याने काढून जाळली.

वर आले तर अण्णा पांघरूण घेऊन. १०१.

१ मे, शनिवार
अण्णा माडीवर. दोन्ही खिडक्या उघड्या, ताट दारापाशी, मी दुहेरी मास्क. दिवसातून चारदा ऑक्सिजन. बसल्यावर ९६. मग गच्चीवर सहा मिनिटं चालायला लावायचं आणि पुन्हा मोजायचं. चौऱ्याण्णवच्या खाली आला की दवाखाना. आज ९५. चालताना म्हणाले, "मला फौजेत घातलंस." मी हसले नाही.

५ मे, बुधवार
ताप उतरला. ९५, ९६. आता बरे होतील. अण्णांचं नाव मी स्वतःच पहिल्या दिवशी वहीत लिहिलंय. आपल्या घरचं लिहायला हात अडला नाही, आणि तेव्हा...

९ मे, रविवार
शांताकाकी सकाळी गेल्या. सांगलीतच सगळं उरकलं. बापूंना दुरूनही बघायला मिळालं नाही.

माडीवरून अण्णांचं रडणं ऐकू येत होतं. मला त्या रडण्याचाही राग आला. मग स्वतःचा आला. दुपारी दुकान उघडलं, पहिलंच गिऱ्हाईक मास्क खाली करून विचारतं, "शांताक्का गेली म्हनं, खरं का?"

१३ मे, गुरुवार
बापूंचा मुलगा संतोष आला, फौजेत आहे. लग्नाला रजा मिळाली नव्हती. सरळ मळ्यातल्या खोलीत गेला, सात दिवस कुणाला भेटणार नाही म्हणून. या गावात कुणी न सांगता नियम पाळणारा हा पहिला माणूस बघितला.

२० मे, गुरुवार
संतोष दुकानात आला. मास्क नीट, उभा लांब. म्हणाला, "वैनी, तापाची वही बघायची हाय. लग्नाच्या आधीची."

पूनमची सासू साताऱ्याला ऑक्सिजनवर आहे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पूनमने खरं ते सांगितलं, आईला लग्नाच्या पाच दिवस आधीपासून ताप होता, मीच पट्ट्या ठेवल्या. बापू म्हणतात, साफ खोटं, ताप लग्नानंतर आला, तिच्या सासरच्यांनीच आणला. संतोष दोघांच्या मध्ये.

मी वही दिली. का दिली? कारण तो हात पुढे करून उभा होता. त्याने बावीस तारखेचं पान काढलं, बोट न टेकवता एकेक ओळ वाचली. दोनदा.

"न्हाई. म्हंजे आप्पा खरं बोलत्यात." बापूंना पोरं आप्पा म्हणतात.

फोटो काढला. बाहेर जाऊन तिथूनच पूनमला फोन लावला. "आईवर आळ घेतीस? मेल्या मानसावर? वहीत नाव न्हाई, बघ." मग परत येऊन मला म्हणाला, "लय उपकार झाले, वैनी. तुमच्यामुळं कळलं तरी."

उपकार.

२१ मे, शुक्रवार
पूनमचा फोन. आवाज बसलेला. तिला सासरी कुणी दोष दिला नव्हता, खरं बोलली म्हणून सासरा उलट बरा वागत होता. आता दादाने त्यालाच फोटो पाठवलाय. "वैनी, आप्पा तुमच्याकडंच आलेवते गोळ्या न्यायला. मीच धाडलंवतं. तुमी तर लिवलं असंल की?"

लाईन खराब आहे म्हणून मी फोन ठेवला. लाईन चांगली होती.

अण्णांना सांगितलं. जिन्याच्या पायरीवर बसले. "बापू न्हाई जगायचा हे संतोषला कळल्यावर. बायकू गेली, आता पोरगं बी जाईल."
मी विचारलं, आणि पूनम?
"ती तरणी हाय. इसरंल."

या घरात, या गावात, खोटं झाकायला नेहमी एखादी पोरगीच सापडते. मी पण त्यात. त्या दिवशी पेन माझ्याच हातात होतं, अण्णांच्या नाही.

२२ मे, शनिवार
ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, "दुकान चालवायचंय आपल्याला तिथं." मग थोड्या वेळाने परत फोन केला, म्हणाले, "तुला पटंल ते कर." दोन्ही वाक्यं त्यांचीच.

बावीस एप्रिलच्या पानावर आता नाव लिहावं असं मनात आलं. तारीख जुनी, शाई नवी. ते पुन्हा खोटंच. वही मिटली.

२३ मे, रविवार
संतोषची रजा परवा संपतेय. सकाळी दहाला बापूंच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आला. मी गोळ्या काढल्या नाहीत. म्हटलं, आत नको, बाहेर बाकावर बसू, मोकळ्यावर. वेळ लागेल.

तो बसला. बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. समोरच्या बोळात बापू दारात उभे राहिलेले दिसत होते, आमच्याकडेच बघत.

"काय वो वैनी?"

तेवढ्यात मागे जिन्यावर अण्णांची काठी वाजली. एक एक पायरी, दम खात, खाली येत होते. मी त्यांची वाट बघितली नाही. म्हटलं, संतोषभाऊ, त्या दिवशी बापू इथं आले होते.