मरियमचा भाऊ वाटाघाटीला आलाय

रवि. ९ नोव्हें.
स्टाफरूममध्ये शिरताच मरियमने घट्ट मिठी मारली. तिचा भाऊ युसुफ दोह्यात आलाय! त्यांच्या देशातल्या लढाईवर इथे वाटाघाटी चालू आहेत, तो डोंगरातल्यांच्या बाजूने. तिच्या लग्नानंतर भेटच नाही दोघांची. आणि आता त्याचं हॉटेल इतकं जवळ, तरी बोलणी संपेपर्यंत भेटायला मनाई.
नादिया तिथेच वह्या तपासत होती. तीही त्याच देशाची, पण नदीकाठची, म्हणजे समोरच्या बाजूची. दोघी कामापुरतंच बोलतात. मान वर केली नाही तिने. पेन मात्र थांबलं.

मंगळ. ११
शाळा सुटल्यावर मरियम हॉटेलवरून चक्कर मारून आली. "त्याची खिडकी कुठली कळेना, मग सगळ्याच खिडक्यांना हात केला." हसून हसून पुरेवाट.
बोलणी नदीवरच्या पुलावर अडलीत. ताबा कुणाकडे? दोघांनाही हवा.

गुरु. १३
खलास, संपली बोलणी! शस्त्रसंधी झाली!! पाच देशांची सरकारं जामीन राहिली. पुलावर त्यांचे निरीक्षक बसणार, दोन्हीकडचे बंदूकवाले मागे. उद्या युसुफ आमच्याकडे जेवायला, मरियमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून.
निघताना नादिया हळूच म्हणाली, "त्याला विचारशील? पूल कधी उघडणार?" तिचे बाबा पुलापलीकडच्या घरात अडकलेत.
म्हटलं, "तूच ये आणि विचार."

शुक्र. १४
दारातच बहीणभाऊ रडले. मीही. अविनाश दुखानच्या तेलक्षेत्रावरून थेट घरी पोचला, सगळ्यांना पाणी आणत राहिला.
युसुफ बटाटेवड्यांवर तुटून पडला. अविनाशने विचारलंच, "पण या बाहेरच्या सरकारांना कशाला पडलीय एवढी?"
"असेल त्यांचा स्वार्थ. असू दे. आमचा एकमेकांवर विश्वास नाही, त्यांच्या निरीक्षकांवर दोघांचा थोडाथोडा आहे. तेवढ्यावर माझ्या गावची शाळा उघडेल."
मग बेल. नादिया. हातात खजुराचा डबा. मरियम ताटं आवरायला लागली.
युसुफ उठला, खुर्ची पुढे केली. त्यांच्या भाषेत बोलणं. एक अक्षर कळेना. आणि अचानक तिघंही खो खो हसत सुटले! युसुफ आणि नादिया एकाच कॉलेजचे निघाले, भूगोलाचे सर तेच, वर्गात घोरणारे. मरियम घोरून दाखवत होती. आमची इरा म्हणे, "आई, व्हॉट्स सो फनी?" काय सांगू!

सोम. १७
युसुफ परत गेला. पुढची फेरी जानेवारीत, इन्शाल्ला. निरीक्षक अजून पोचायचेत.
नादिया येणार म्हणून तिच्या बाबांनी म्हणे पाहुण्यांची खोली रंगवायला काढलीय. म्हटलं, "अगं, पूल उघडायची तारीख कुठे ठरलीय?"
मरियमच मध्ये बोलली, "रंग वाळायला वेळ लागतो."