पेटीतले आकडे आणि माझे पती

मी, संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, डॉक्टरांनी नुकतेच तपासून मन व बुद्धी शाबूत असल्याचे सांगितल्यावर, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवल्यास ते खोटे समजावे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळाव्यात. मोरीतला नळ गळतो, तोही आता तिचाच.

२. पतींची सोल्डरिंगची हत्यारे शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांना द्यावीत. अर्धी ते न विचारता घेऊन गेलेच आहेत; उरलेली रीतसर न्यावीत.

३. बाहेरच्या खोलीतील पेटीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ती माझ्या पतींनी बांधली. ते भौतिकशास्त्र शिकवत. सतत नाणे उडवत राहावे तशी ही पेटी शून्य किंवा एक असे आकडे काढते. लाखो लोकांचे लक्ष एकाच घटनेवर खिळले की छापा-काट्याचा हा समतोल ढळतो, असे त्यांचे म्हणणे होते. खाणीत अडकलेल्या मजुरांची सुटका सगळे जग टीव्हीवर पाहत होते, तेव्हा हे पेटीपुढे बसले होते. वर चढलेला आलेख त्यांनी मला दाखवला.

"आता बोल."

"कुठून कुठपर्यंतचे आकडे घेतलेस?"

"पहिला मजूर वर आला तिथपासून."

"आणि सगळे वर यायच्या आधीच थांबलास. का?"

"पुढे आलेख खाली येतो."

त्यानंतर बरेच दिवस आमचे बोलणे कामापुरतेच राहिले. मग त्यांनीच तोडगा काढला: कोणत्या वेळेचे आकडे मोजायचे ते घटनेआधी लिहून पाकीट माझ्या कपाटात ठेवायचे. अंतिम सामने, निवडणुकांचे निकाल, ग्रहणे, सगळे झाले. हाती काही लागले नाही. त्यांनी तसेच छापले, स्वतःच्या नावाने. व्याख्यानाला बोलावणाऱ्यांनी त्यांचे फोन घेणे सोडले. याच पेटीच्या नावावर मनःशक्तीची शिबिरे घेणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनी घरी येणे टाकले. पतींनी पेटी मात्र चालू ठेवली.

४. दीर हल्ली शिबिरांत सांगतात की भाऊ गेला त्या क्षणी आकडे उसळले. ते आकडे त्यांनी पाहिलेले नाहीत. आकडे साठवणाऱ्या संगणकाचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. मीही पाहिलेले नाहीत. शेवटच्या आजारात पतींनी विचारले होते, "मी गेल्यावर बघशील ना?"

मी म्हणाले, "बघेन. पण वेळ आधी सांग."

खोकला येईपर्यंत ते हसत राहिले. "तेवढं नाही जमायचं गं."

५. पेटी आणि सर्व आकडे मुलीला द्यावेत. दिरांना पतींचा राखाडी कोट द्यावा; तो त्यांच्या मापाचा आहे आणि त्यांना तो फार आवडायचा. पेटीला त्यांनी हात लावू नये.

पती गेले त्या दुपारचे आकडे उघडावेत की नाही, हे मुलीने ठरवावे. उघडल्यास, पतींचे ऑक्सिजनचे यंत्र पेटीच्याच विजेच्या बोर्डावर लावलेले होते आणि ते बंद केल्यानेही आकडे हलू शकतात, हे लक्षात घ्यावे. आलेख वर गेलेला दिसो वा खाली, त्याला बाबा म्हणू नये.

माझ्या समक्ष व एकमेकांसमक्ष सही करणारे साक्षीदार:
(सही) मला तपासणारे डॉक्टर
(सही) वरच्या मजल्यावरील मुख्याध्यापिका

मृत्युपत्र करणार: (सही)
स्थळ: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर