घरपोच मिळेल

१२ एप्रिल, सोमवार
भैयाजींचं पत्र गेलं एकदाचं. दर सोमवारी आणि शनिवारी विधायक महोदय (मराठीत आमदार) जनतेशी संवाद साधतात. म्हणजे त्यांचा सचिव पांडे मला फोनवर मुद्दे सांगतो, मी मराठीत लिहितो आणि रायपूरच्या मराठी समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते भैयाजींच्या नावानं फिरतं. आजचे मुद्दे : राशनच्या पिशव्या, फवारणी, सदर बाजारात विनाकारण हिंडू नये. भैयाजी रात्रंदिवस जनतेत आहेत म्हणे. लॉकडाऊन लागल्यापासून बंगल्याचं फाटक उघडलेलं कुणी पाहिलं नाही. पिशवीवर फोटो मात्र एवढा मोठा, की आतले बटाटे लहान वाटावेत.

हिंदी पत्र पांडे स्वतः लिहितो आणि कार्यालयाच्या हिंदी ग्रुपवर टाकतो. कर्मठ, जुझारू, लोकप्रिय. तीन विशेषणं झाल्याशिवाय नाव येत नाही. त्या ग्रुपचा आवाज मी कधीचा बंद करून ठेवलाय, उघडतही नाही. भाषांतर करणं माझं काम नाही. मुद्दे त्यांचे, पत्र माझं. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. शेवटी वर्गात चार पोट्टे, तेही उत्तर हिंदीत द्यायचे.

१४ एप्रिल, बुधवार
मेश्रामचा फोन. रेल्वेत गार्ड होता, मागच्या गल्लीत राहतो. पत्र शेवटपर्यंत वाचणारा हा एकटाच, कारण रिकामा आहे.
"गुरुजी, जयंतीच्या शुभेच्छा फवारणीच्या खाली टाकल्या तुम्ही. बाबासाहेब काय फवारणीच्या खाली येतात?"
खरंय. पांडेच्या मुद्द्यांत जयंती नव्हतीच, मी आपणहून टाकली. हे त्याला सांगितलं नाही. उपकार दाखवल्यासारखं झालं असतं. माफी तेवढी मागितली.
त्याच्या बायकोला ताप आहे, खोकलाही. म्हणाला, "साधाच असन." सगळ्यांचा साधाच असतो.

१७ एप्रिल, शनिवार
सकाळी आठला पांडेचा फोन. कुणा शेठनं ऑक्सिजनची पाच मशीनं दिलीत. फोनवर नाव-पत्ता लिहवायचा, कार्यकर्ता घरी आणून लावून देईल. या महिन्यातली पहिली कामाची बातमी. म्हणून जीव लावून लिहिलं. एक वाक्य मनासारखं उतरलं : ‘मशीन घरपोच मिळेल, रुग्णाने वा नातेवाइकांनी घराबाहेर पडण्याची गरज नाही.’ दुसरा अर्धा भाग पांडेनं सांगितला नव्हता. पण अर्थ तोच ना.
नऊला पाठवलं. सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पांडेले एकदा विचारून त घ्यायचं."
"काहून? त्याले मराठी येते का?"

१८ एप्रिल, रविवार
मेश्रामची बायको दवाखान्यात.
काल साडेनऊलाच त्यानं फोन करून नाव लिहवलं. कुणीतरी पोट्टी "हव, हव, हो जाएगा" म्हणाली. हा दारात खुर्ची टाकून बसला. शेजारी म्हणत होता, गाडी काढतो, जाऊन विचारू. हा म्हणाला, गरज नाही, पत्रात लिहिलंय. दुपारभर तसाच. चारला बोटावरचं यंत्र ब्याऐंशी दाखवायला लागलं, तेव्हा अँब्युलन्स बोलावली. खाट मिळाली ती व्हरांड्यात.
भैयाजींना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की मला एवढ्या येतात हे माहीत नव्हतं. जेवलो नाही. पाच मशीनं आणि पाच हजार फोटो. नालायक लेकाचे. उद्या पांडेची सालटी काढतो.

१९ एप्रिल, सोमवार
पांडेला फोन लावला. पुरतं बोलू दिलं त्यानं. मग म्हणाला, "सर, ग्यारह बजे तो बदल दिया था न. लड़के सब पॉज़िटिव निकल गए, घर पहुँचाना बंद. पंडरी वाले ऑफिस से ले जाना था. ग्रुप में डाला तो था. आपने देखा नहीं?"
मी चष्मा शोधायला लागलो.
"दो मशीन तो शाम तक वहीं पड़ी थीं, सर."
ग्रुप उघडला. आहे. अकरा वाजून चार मिनिटं. जाड अक्षरात, तीन विशेषणांसकट.
आजचं पत्र लिहिलं नाही. ताप आहे म्हणून कळवलं.

२० एप्रिल, मंगळवार
सुनंदाला न सांगताच कळलं. भाजी निवडत होती. म्हणाली, "त्याले सांगाल का?"
म्हटलं, मेश्रामची बायको घरी येऊ दे आधी.
"आन नाही आली त?"
उठून आत गेलो.

२१ एप्रिल, बुधवार
मेश्रामच्या पोरानं माझ्या पत्राचा फोटो सगळीकडे टाकलाय. खाली हिंदीत : मशीन कहाँ है, भैयाजी?
पांडेला माझ्याकडून मराठीत खुलासा हवा. ‘काही नागरिकांच्या वाचण्यात चूक झाली.’ असं त्याचं म्हणणं.
मग खुद्द भैयाजी. पाच वर्षांत पहिल्यांदा थेट फोन. वाटलं, आता हा मला फाडणार. तो म्हणतो, "सर, आप बड़े हैं. आप ही सँभाल लीजिए." आवाज बसलेला. त्याचा भाऊ दवाखान्यात आहे म्हणे, हे मला आजच कळलं. चूक माझी आहे हे त्याला ठाऊक असावं. उच्चारलं नाही. ज्या माणसाला इतकी वर्षं दोन पैशांची किंमत दिली नाही, त्यानं मला सांभाळून घ्यावं. याचा राग कुठे काढू?

२३ एप्रिल, शुक्रवार
मेश्राम आला. फाटकाबाहेरच उभा राहिला, तोंडावर रुमाल. पाच-सहा दिवसांत दाढी पांढरी दिसायला लागली त्याची. बायकोच्या घशात नळी टाकलीय. काचेतून बघू देतात.
"गुरुजी, कलेक्टरले तक्रार द्यायची आहे. लिहून द्या. तुमच्यावानी लिहिणारा रायपुरात दुसरा कोन आहे?"
म्हटलं, मेश्रामभाऊ, ते पत्र मीच लिहिलं होतं.
"माहीत आहे न. तुम्ही त सांगितलं ते लिहिता. तुमचा काय दोष? ‘घराबाहेर पडण्याची गरज नाही’, हे ज्यानं सांगितलं त्याचं नाव टाका त्याच्यात. चांगलं मोठ्या अक्षरात टाका."
वाक्य पाठ होतं त्याला. स्वल्पविरामाशी थांबतात तसा थांबून म्हणाला.
मी म्हटलं, लिहून ठेवतो, उद्या या.
आणखी एक वाक्य बोलायचं होतं, एवढंच. व्याकरणाच्या चुका काढत लोकांना आयुष्यभर छळलं, आणि माझी स्वतःची चूक सांगायला तोंड उघडेना. थू.

२४ एप्रिल, शनिवार
सकाळपासून दोन कागद. खुलासा पांडेला, तक्रार मेश्रामला. खुलासा दहा मिनिटांत झाला, उत्तम झाला. वाचून स्वतःची किळस आली. फाडला.
तक्रार निम्मी झालीय. ‘सदर वाक्य विधायक कार्यालयाने सांगितले नव्हते. ते’... इथं अडलो.
पाचला मेश्राम आला. बायको तशीच. डॉक्टर काही बोलत नाहीत.
"झालं का गुरुजी?"
म्हटलं, झालं. एक नाव राहिलंय.
"मंग टाका न. मी थांबतो."
ओट्यावर बसलाय. सुनंदानं लांबून पाण्याचा तांब्या ठेवला. मी आत येऊन, तो कागद पुढ्यात असताना, हे लिहीत बसलोय.