पणजीच्या दुनळीचा खटला

८ मार्च

नापास. माझ्या पणजीची बंदूक नापास! आणि करणारा कोण, तर वेंडेल प्रुइट. जन्मभर लोकांचे एसी दुरुस्त केले आणि आता काळी टोपी घालून स्वतःला ‘डीकन ग्रिम’ म्हणवून घेतो.

आमच्या जुन्या काउबॉय थाटाच्या नेमबाजी क्लबात प्रत्येकाला त्या काळाला शोभेल असं टोपणनाव घ्यावं लागतं. मी सिस्टर व्हिनेगर. हे नाव लुपेने सुचवलं. ती आमची अध्यक्ष. तेव्हा मला ती थट्टा वाटली होती, आता शंका येते.

बंदूक अस्सल आहे. इंग्लिश दुनळी, १८९३ ची. बेन्सन गावाच्या वाटेवर पणजीची खाणावळ होती, तिथे कोणी खाणीवरचा इंजिनियर ती विसरून गेला. पणजीने त्या बंदुकीने कोयोट कोल्हे पळवले आणि दोन नवरेही.

वेंडेलने ती तपासणीच्या टेबलावर घेतली. खोटी काडतुसं घातली, चाप ओढले, नळी खाली वाकवून उघडली. दोन्ही काडतुसं टुणकन उडून मातीत.

“इजेक्टर आहेत,” तो म्हणाला. “काडतुसं आपोआप फेकणारी दुनळी चालत नाही. हाताने काढावी लागतात.”

“अरे, ही त्याच काळातली आहे. तुझी मागच्या नाताळात इटलीहून आली.”

“माझी नियमात बसते.”

म्हणजे काल जन्मलेली नक्कल खरी, आणि खरी ती खोटी. शाळेत सिस्टर पर्पेचुआ शिकवायच्या, अन्याय दिसला की हात वर करून उभं राहावं. उभं राहिल्यावर त्याच छडी मारायच्या, ती गोष्ट वेगळी.

९ मार्च

राग अजून उतरलेला नाही. बीन्स करपल्या.

११ मार्च

ट्यूसनला राहणाऱ्या फर्मिनला फोन केला. धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा. जानेवारीत बंदूक माझ्याकडे दिली तीच मुळी अट घालून — “ताई, एप्रिलच्या वार्षिक सामन्यात तू ती चालवलीस तर कायमची तुझी. भिंतीवर धूळ खाणार असेल तर मी संग्रहालयाला देतो.”

आज नापास झाल्याचं सांगितलं, तर स्वारी खूश. “मग देऊन टाकू की. काचेच्या कपाटात शोभून दिसेल.”

“मीही शोभून दिसेन. मलाही देऊन टाक.”

खांद्याचं ऑपरेशन सप्टेंबरात आहे. त्यानंतर दुनळीचा धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणजे हा एप्रिल, नाहीतर कधीच नाही.

१६ मार्च

बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन आले. तो म्हणतो आतल्या दोन स्प्रिंगा काढल्या की प्रश्न मिटला. वरून काही दिसणारही नाही. मी म्हटलं, पणजीचे दात पाडून तिला शर्यतीत पळवू? तो म्हणाला, पणजीने दात शर्यतीसाठी वापरले असते तर पाडावेच लागले असते. मोठा आला!

परत घेऊन आले. जशी घडली तशीच चालेल, नाहीतर नाही.

२२ मार्च

सरावाचा दिवस. नियमपुस्तक आता पाठ आहे, शाळेतली धर्माची प्रश्नोत्तरीही इतकी पाठ नव्हती. तेव्हा वेंडेललाच तपासायला घेतलं.

“डीकन ग्रिम, बुटाला तो चिकटपट्टा कुठला? नियमात मनाई आहे.”

“गुडघे वाकत नाहीत, रमोना. नाडी बांधता येत नाही.”

“१८९० सालीही गुडघे दुखायचे. आणि विजारीला झिप? तेव्हा होती का?”

“तिथे कशाला बघतेस?”

लुपे इतकी हसली की तिची टोपी पडली. मग मी त्याच्या गाडीकडे वळले. विजेवर चालणारी गोल्फची गाडी, तिला लाकडी फळ्या ठोकून घोडागाडी केलीय. घोडा कुठाय विचारलं. म्हणाला, “समोर उभा आहे आणि खिंकाळतोय.”

हे मात्र बरं सुचलं त्याला. मी हसले नाही. घरी येऊन हसले.

५ एप्रिल

समितीची बैठक. मी तासभर बोलले. कानात रबरी बोळे चालतात, प्लास्टिकचे चष्मे चालतात, मग माझ्या पणजीनेच काय घोडं मारलंय?

वेंडेल म्हणाला, “कान आणि डोळे वाचवायचे असतात, बाई. इजेक्टरने वेळ वाचतो. सगळे हाताने काढणार आणि तुझी आपोआप उडणार, मग स्पर्धा कसली?” मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. “मी थकलो. हिलाच बसवा तपासणीला.”

आणि खरंच बसवलं! नियमपुस्तक माझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही म्हणे. बाहेर आल्यावर लुपेने कोपराने ढोसलं. “अगं, कळलं का? टेबलाशी बसलेल्याचा शब्द शेवटचा. तुझी बंदूक आता तूच पास करायची. मी काही बघितलं नाही.”

परीक्षक स्वतःही खेळू शकतो, हे विचारून घेतलं. देवा, तू अजून वर आहेस तर.

१८ एप्रिल

वार्षिक सामना. सकाळपासून टेबलाशी. मजा आली, खोटं कशाला बोलू? दोघांच्या पिस्तुलांचे रबरी दस्ते काढायला लावले. टेनिसचे बूट घालून आलेल्या एकाला गाडीकडे पिटाळलं. बुरिटोही टेबलाशीच खाल्ला.

दुपारी फीनिक्सचे एक दंतवैद्य आले. आजोबांची दुनळी, बेल्जियमची, माझ्या दुनळीहून सुंदर. चाप ओढले, उघडली — टुणकन.

“मॅडम, ही १८९५ ची आहे. त्या मागच्या इसमाकडे इटालियन नक्कल आहे, ती चालते?”

“नियमात बसते.”

“म्हणजे नक्कल खरी आणि ही खोटी?”

माझंच वाक्य, शब्दन् शब्द. मी पोटतिडकीने बोलते तेव्हा ते किती भारदस्त वाटतं! त्याच्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, या माणसाला फक्त इतरांपेक्षा लवकर फेरी संपवायचीय.

“स्प्रिंगा काढून आणा,” मी म्हटलं. तो पुटपुटत गेला. मागे वेंडेल उभा होता. त्याने आपली दुनळी तपासायला पुढे ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

उद्या दुनळीची फेरी. माझी बंदूक अजून तपासायची राहिलीय.

१९ एप्रिल

सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. खोटी काडतुसं घातली, चाप ओढले, उघडली. एक वेंडेलच्या टोपीला जाऊन लागलं.

“सिस्टर व्हिनेगर,” मी मोठ्याने स्वतःलाच म्हणाले, “ही गाडीत ठेवून या.”

मी ठेवून आले. मग फर्मिनला फोन केला, येऊन बंदूक घेऊन जा म्हटलं.